देवाच्या डोक्यावरचं पाणी

“पप्पा, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का?”

स्नेहलने प्रश्न विचारला आणि हातातली लाइफ जॅकेटची चळत छातीशी घट्ट धरली. समोर शनिवारचे पाहुणे अर्धगोल करून उभे होते, टोप्या-गॉगल लावून, तोंडाला पांढरं क्रीम फासून. त्यांच्या मागे मुळशी धरणाचं पाणी उन्हात नुसतं पडून होतं.

पप्पांचं नेहमीचं भाषण नुकतंच संपलं होतं. जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसायचं नाही, बोटीत उभं राहायचं नाही, शिट्टी ऐकली की माघारी फिरायचं. शेवटी ते न चुकता म्हणायचे, “कुणाला काही शंका असंल तर आत्ताच इचारा. पाण्यात गेल्यावर कुणी कुणाला काही इचारत न्हाई.” यावर पाहुणे हसायचे, मग पप्पाही हसायचे. कॅम्प सुरू झाल्यापासून शंका कधी कुणाला आली नव्हती. आज आली, तीही त्यांच्या पोटच्या पोरीला.

पहिल्यांदा हसला तो पियूष. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतला, मारुंजीला भाड्याने राहणारा, गळ्यात कॅमेरा. “राजूदादा, भारी. मुलीला पढवून ठेवलंय तुम्ही.” मग सगळेच हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

“आमचा जन्मच ह्या काठावर झाला,” पप्पा म्हणाले. “पाणी आमाला वळखतं.”

पुन्हा टाळ्या. पप्पांनी वल्ही उचलली आणि चालायला लागले. त्यांनी उत्तर दिलेलंच नाही, हे त्या घोळक्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्नेहलच्या आलं.

*

प्रश्न तिचा नव्हता, स्वरदाचा होता.

शुक्रवारी नववीचा शेवटचा पेपर झाला आणि तिघी मैत्रिणी पौडच्या शाळेत पाण्याच्या टाकीपाशी बसल्या होत्या. सृष्टी स्नेहलच्याच गावची. स्वरदा कासार आंबोलीची, म्हणजे मूळची अमरावतीकडची. तिचे बाबा नोकरीसाठी इकडे आले आणि त्यांनी तिथे घर घेतलं. स्वरदा पोहण्यात जिल्ह्यापर्यंत गेलेली, त्यामुळे पाणी हा विषय निघाला की तिला गप्प बसवत नसे. तिने दप्तराच्या तळातून फोन काढला आणि कॅम्पच्या रील एकामागून एक लावल्या.

“हे बघ. हे बघ. आणि हे. सगळ्या रीलमध्ये तुझे पप्पा कोरडे.”

“ते मालक आहेत,” सृष्टी म्हणाली. “मालक कशाला भिजतील?”

“निरंजनसर भिजायचे. ते गेले ना दिवेआगरला, समुद्रावर. मग आता कोण भिजणार?”

निरंजन म्हणजे कॅम्पचा शिकवणारा. कोलाडला नदीत तयार झालेला, मासळीसारखा पोहणारा. कुणाची बोट कलंडली की हा पठ्ठ्या हसतहसत उडी टाकायचा आणि पाहुण्याला गळ्यात हात घालून काठावर आणायचा, जणू बाजारातून घरी आणतोय. समुद्रावर उन्हाळ्यात जास्त काम असतं म्हणून गेल्या आठवड्यात तो बॅग भरून ताम्हिणीच्या गाडीत बसला होता.

“विचारून दाखव,” स्वरदा म्हणाली. “सगळ्यांसमोर. भाषण संपल्यावर.”

“ही विचारणार? ही?” सृष्टीने डोळे फिरवले.

बस, तिथेच ठिणगी पडली. डिसेंबरात गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून स्नेहलचं जे तोंड उघडलं होतं ते अजून मिटलं नव्हतं. त्याआधी ती हजेरीला ‘उपस्थित’ इतक्या हळू म्हणायची की बाई मान वर करून बघायच्या, मुलगी आली आहे की नाही. आता बाईच म्हणायच्या, जरा दम घे गं.

“विचारलं तर मला काय?”

“तू सांगशील ते एक काम करीन,” स्वरदा म्हणाली. “काहीही. आईशप्पथ.”

आणि आता शनिवारी सकाळी विचारून झालं होतं. पैज जिंकून झाली होती. मात्र जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं. एका बाईच्या जॅकेटचं बक्कल लावताना स्नेहलच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पप्पा हसले तेव्हा डोळ्यांनी हसले नव्हते.

*

घरात पाण्यात कुणी उतरत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्यात नवल वाटावं असं तिला कधी काही दिसलं नाही.

धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्याखाली गेलं. माणसं भांडीकुंडी डोक्यावर घेऊन वर सरकली. भैरोबाचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला दगड, उचलायला गेली, तर भैरोबा जागचा हलेना. म्हणून तो तिथेच राहिला, आपल्या चौथऱ्यावर, आणि पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. तेव्हापासून त्या पाण्यात पाय घालायचा म्हणजे देवाच्या डोक्यावर पाय ठेवायचा. हे आबा सांगायचे. कोंडाजी आबा म्हणजे पप्पांचे वडील, आणि आबांना ते त्यांच्या आजाने सांगितलेलं. गुरं काठावरून पाणी प्यायची, माणसं काठावरून पाणी भरायची. पायरी ओलांडून देवळात कुणी चप्पल घालून जात नाही, तेवढं ते साधं होतं.

पप्पांनी कयाक, त्या वल्ह्याच्या छोट्या होड्या, आणायचं काढलं तेव्हा घरात बरीच धुसफुस झाली. आबा जेवणावर रुसले, मग बोलण्यावर. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. एका सकाळी ओट्यावर मिसरी लावता लावता म्हणाले, “होडीत बसलं तर पाय होडीवर ऱ्हातो. देवावर न्हाई. बसा. पर उतरायचं न्हाई.”

“आनि पाव्हणं उतरलं तर?” पप्पांनी विचारलं.

“पाव्हण्यांचं त्यांचा देव बघंल.”

इतकं सगळं माहीत असूनही स्नेहलने त्याचा हिशेब कधी मांडला नव्हता. बाप म्हणजे ज्याला ट्रॅक्टर चालवता येतो, साप धरता येतो, वायरिंग करता येतं, मध्येच बंद पडलेला जनरेटर लाथ घालून चालू करता येतो. मग पोहणं त्यात आलंच, असं तिने धरून टाकलं होतं. कुठल्यातरी विहिरीत, कुणातरी चुलत्याकडून, लहानपणी कधीतरी.

*

एप्रिलचं काम तसंही जीव काढणारं. धरणातलं पाणी विजेसाठी सुटतं आणि काठ रोज थोडा मागे जातो. कॅम्प मात्र आहे तिथेच राहतो, वरच्या शेताच्या पट्टीत. त्यामुळे जानेवारीत जी बोट चार ढांगांत पाण्यात जायची, ती आता भेगाळलेल्या मातीवरून, मग चिखलातून उचलून न्यावी लागायची आणि संध्याकाळी वाऱ्याने जाऊ नये म्हणून तशीच वर आणावी लागायची. पप्पा एक टोक धरायचे, दुसरं स्नेहल. निरंजन असताना ती नुसती वल्ही उचलायची.

“खांदा बदल,” पप्पा म्हणायचे. एवढंच. वाटेत दुसरं काही बोलायला त्यांच्यात जोर नसायचा.

आई सकाळपासून चुलीपुढे. पाहुण्यांना चुलीवरच्या भाकरीचे फोटो लागतात, त्यामुळे गॅस असून चूल. आईचं, हेमलताचं, माहेर मारुंजीचं. तिथे तिच्या भावाने वावरात खोल्या काढल्या आणि भाड्याने दिल्या. “माझी वहिनी पंख्याखाली बसून भाडं मोजतीय,” ती भाकरी थापता थापता म्हणायची, कुणाला उद्देशून नाही, पिठाला. “आनि मी हितं धुरात. लगीन लावताना म्हनं, धरणाकाठचं घर हाय, हवा चांगली हाय.”

हवा खरंच चांगली होती. दुपारपर्यंत.

*

दुपारनंतर घाटाच्या अंगाने वारा येतो. निरंजन असताना तो वारा उठायच्या आधीच शिट्टी फुंकायचा. आज पप्पा वर जनरेटरशी झटत होते. शिट्टी स्नेहलच्या गळ्यात होती, आणि तिने फुंकली तेव्हा बाकीच्या बोटी फिरल्या, एक सोडून.

पियूष आणि त्याची बायको मेधा. दोघांच्या बोटीत पुढे ती, मागे तो. पलीकडे पाण्यातून दीपमाळेचं टोक बाहेर आलेलं. पाणी उतरलं की भैरोबापुढची ही दगडी दीपमाळ आधी दिसते, मग हळूहळू देवाचा चौथरा. पियूषला तिचा फोटो हवा होता, मावळतीच्या बाजूने. तो बोटीत उभा राहिला.

स्नेहलने दुसऱ्यांदा शिट्टी फुंकली तेव्हा बोट उलटी झाली होती.

दोघं वर आले. जॅकेटं होती, येणारच. पण वाऱ्याने बोट एकीकडे निघाली, पियूष तिला धरून तिच्याबरोबर, आणि मेधा राहिली मधेच. ती ओरडत नव्हती. तेच भयंकर होतं. ती नुसती हनुवटी वर करून श्वास घेत होती, आणि जॅकेट तिच्या कानांपर्यंत चढलं होतं. खालचा पट्टा. “गुदमरतंय गं, जरा सैल कर,” ती सकाळी म्हणाली होती, आणि स्नेहलने सैल केला होता.

“पप्पा,” स्नेहलने हाक मारली. तिला वाटलं ती किंचाळली. आवाज फार मोठा निघाला नव्हता.

शिट्टी ऐकून पप्पा वरून धावत आले. चिखलातून, पाय रुतत. पाण्याच्या कडेला आले आणि थांबले. आणि त्यांनी चपला काढल्या.

स्नेहलला ते नंतर पुन:पुन्हा आठवत राहिलं. एक बाई पाण्यात गटांगळ्या खाईल की काय अशी वेळ, आणि पप्पांनी दोन्ही चपला काढून नीट एकीला एक लावून ठेवल्या. देवळापुढे ठेवतात तशा. पाण्याची रेघ त्यांच्या अंगठ्यापाशी होती. त्यांचा एक पाय उचलला गेला, आणि परत तिथेच टेकला.

मग त्यांनी जवळची रिकामी कयाक ओढली आणि तिच्यात बसले. वल्हं इतकं जोरात मारायला लागले की बोट डावी-उजवीकडे डुलत गेली. तेव्हा स्नेहलला दिसलं. पप्पांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेटं सगळी पाहुण्यांना दिली होती. दोन फाटकी होती, ती निरंजन शिवणार होता.

ते मेधापर्यंत पोचले. वल्हं पुढे केलं. तिने वल्हं सोडून बोटीची कडच धरली, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून, आणि कयाक कलली. पप्पा कलले. त्यांची पाठ पाण्याकडे झुकली, आणि तेवढ्या एका क्षणात स्नेहलला सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पोहता येणारा माणूस पाण्याकडे तसं बघत नाही.

बोट सावरली. कशी, ते पप्पांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी मेधाला बोटीच्या मागचा दोर धरायला लावला आणि हळूहळू ओढत आणलं. पियूष आपल्या बोटीला लटकून पलीकडच्या खडकांना लागला होता. त्याला आणायला पप्पा पुन्हा गेले. या वेळी स्नेहलने एका पाहुण्याच्या अंगातलं जॅकेट मागून घेतलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. बक्कल स्वतः लावलं. पट्टा घट्ट ओढला. त्यांनी हात वर केले, लहान मुलं सदरा घालून घेताना करतात तसे.

काठावर आल्यावर पियूष थरथरत होता आणि तरी म्हणाला, “राजूदादा, कॅमेरा गेला.”

“फोटू राहूद्या,” पप्पा म्हणाले. “बाईंना च्या द्या आधी.”

पाहुणे पुन्हा हसले. सुटल्यासारखे. रात्री शेकोटीपाशी हीच गोष्ट पियूष रंगवून सांगणार होता, आणि तीत राजूदादा हीरो असणार होते.

*

पप्पा चुलीमागे पालथ्या पाटीवर बसले होते. बशी बाजूला ठेवून कपानेच चहा पीत होते. स्नेहल समोर उकिडवी बसली. चिखल तिच्या पोटऱ्यांवर वाळून पांढरा झाला होता.

“नाही येत ना?”

“काय?”

“पप्पा.”

त्यांनी कप संपवला.

“न्हाई येत,” ते म्हणाले. “शिकलो असतो. वरच्या आळीच्या विहिरीत पोरं पोहायला पडायची. आबांनी तितंबी जाऊ दिलं न्हाई. म्हनले, विहिरीत शिकलं की पाण्याची चटक लागती, मंग पोरगं धरणात उतारतंय.”

“मग कॅम्प कशाला काढलात?”

“जमीन इकायची नव्हती म्हनून.” ते असं म्हणाले की जणू हे उत्तर त्यांनी स्वतःला पुष्कळदा दिलं होतं आणि आता त्यालाही दमले होते. “खाली लवासा बघितलंस न्हवं? बिल्डिंगी हायेत, माणूस न्हाई. तसं आपलं नको व्हायला. म्हनलं, आपल्या वावरात आपुन पाव्हणं आणू. निरंजन होता तवर चालत हुतं. आता दुसरं कुणी गावतंय का बघतोय. सगळी समुद्राकडं गेल्यात.”

“आणि पुढच्या शनिवारी? एक मेच्या सुट्ट्या आहेत.”

“सगळं भरलंय.”

“मग?”

“मग काय. जॅकेटं हायेत की.” त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. “लई दमलोय बघ, पोरी. जरा बसू दे.”

ते तसेच बसल्या बसल्या झोपले. तोंड किंचित उघडं. स्नेहलने त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला अजून खाली काठावरच होत्या. ती जाऊन घेऊन आली.

*

रविवारी सकाळी आबा नेहमीच्या दगडावर बसले होते, पाण्याकडे तोंड करून. दीपमाळेकडे बघायचा त्यांचा हा महिना. चौथरा उघडा पडला की ते नारळ, लिंबू घेऊन खाली जातात, चिखलातून, काठी टेकत, आणि वर्षभर पाण्यात बुडून राहिलेल्या देवाला तेल लावतात. त्या दिवशी घरात पुरणपोळी.

स्नेहल त्यांच्याशेजारी बसली. रात्रभर तिला झोप लागली नव्हती. डोळे मिटले की बोट कलत होती.

“आबा, चौथरा कधी दिसेल?”

“आठ रोजात. पानी लई उतारतंय औंदा.”

“म्हणजे मग देव पाण्याच्या वर.”

“व्हय की.”

“मग तेव्हा पाणी देवाच्या डोक्यावर नसणार.”

आबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले होते, पण कान तिखट.

“काय म्हनायचंय तुला?”

“पाणी देवाच्या खाली असताना कुणी पाण्यात उतरलं, तर पाय देवाच्या डोक्यावर कसा पडेल? तो तर वर बसलेला. उलट तोच आपल्याकडे बघेल. उतरलं तर चालेल का?”

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. स्नेहलला वाटलं, झालं, आता काठीच बसणार. खाली एक टिटवी चिखलातून तुरूतुरू पळत गेली, थांबली, परत पळाली.

“ह्ये आजवर कुणी इचारलंच न्हाई,” आबा शेवटी म्हणाले. चिडल्यासारखे. जणू इतक्या वर्षांत कुणी न विचारणं हा त्यांच्यावरच अन्याय होता.

“मी विचारते आहे.”

“देवाचं असू दे. त्याच्या खाली घरं हायेत की आपली. पान्यातच हायेत ती अजून. त्यांच्यावर पाय पडंल.”

हे स्नेहलच्या ध्यानात आलं नव्हतं. तिचा चेहरा पडला. आबांनी मिसरीची डबी काढली, उघडली, तशीच बंद केली.

“पर घरं आपलीच,” ते हळूच म्हणाले. “आपल्या घरावर आपुन चढतोच. कौलं फिरवायला चढतो, शाकारायला चढतो. घर काय म्हनतंय?” मग थोडं थांबून, “राजू काल उतारला असता का गं पान्यात? त्या बाईसाठनं?”

“पाय उचलला होता त्यांनी.”

आबांनी पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. काठीची मूठ ते अंगठ्याने घासत राहिले.

“मला वर न्ये,” ते म्हणाले. “उन लागतंय.”

अर्ध्या वाटेवर ते दम खायला थांबले. तेव्हा तिच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, “चपला घालून न्हाई हां उतरायचं.”

*

चारच्या सुमाराला शेवटची गाडी गेली. मेधाने जाताना स्नेहलला जवळ घेतलं. तिच्या दंडावर बोटीच्या कडेचा वळ होता. पियूषने पप्पांबरोबर सेल्फी काढला. मग धूळ बसली आणि कॅम्प एकदम रिकामा झाला, जत्रा उठल्यावर माळ होतो तसा.

तिघं ओट्यावर बसली. आबा आत कलंडले होते. आईने कालच्या उरलेल्या भाकऱ्यांचा कुस्करा केला होता, लसणाची फोडणी घालून. पप्पा घास हातात घेऊन तो तोंडात घालायचा विसरत होते. समोर उद्या धुवायच्या चादरींचा ढीग.

“पुढच्या आठवड्याला पीठ जास्त लागंल,” आई म्हणाली. “आनि ती फाटकी जॅकेटं तेवढी शिवून घ्या.”

“हूं,” पप्पा म्हणाले.

“त्या पोराला फोन केला का? निरंजनला?”

“केला. न्हाई म्हनतोय.”

“मंग कोण थांबणार पान्याजवळ?”

“मीच की. आनि स्नेहल हाय.”

स्नेहलने ताट बाजूला सरकवलं. दुपारी तिने स्वरदाला फोन केला होता. स्वरदा आधी हसली होती, मग कालचं ऐकून म्हणाली होती, “शब्द दिला म्हणजे दिला. आणि बाबांनाही आणते, मला एकटीला नाही जमणार. बाबा नदीत शिकलेत.”

तिला गॅदरिंगचा पडदा उघडायच्या आधीचा क्षण आठवला. फक्त तिथे समोर पाचशे माणसं होती आणि इथे दोन. आणि ही दोन इतकी दमलेली, की त्यांना आणखी काही ऐकवू नये असं वाटावं. तरी ती उठून उभी राहिली. बसून तिला बोलताच येईना.

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “विचारायचं नाही, सांगायचंय.”

आईने वर बघितलं. “आता काय आनि?”

“पुढच्या शनिवारी मी कुणालाच जॅकेट घालणार नाही. बोटी वरच राहतील. पाहुण्यांना आजच कळवा, तंबू आहे, जेवण आहे, डोंगरावर फिरायला नेऊ, बोट नाही म्हणून. ज्यांना नसेल यायचं ते नाही येणार.”

“अगं, येडी झाली का तू,” आई म्हणाली.

पप्पांच्या हातातला घास तसाच होता.

“काल मेधाताईचा पट्टा मी सैल केला होता. आणि पप्पा, तुमच्या अंगात जॅकेटच नव्हतं. मी काठावर उभी होते आणि मला काहीच येत नव्हतं. शिट्टी फुंकता येत होती. मला तसं परत उभं नाही राहायचं.” तिने खाली पाण्याकडे बोट दाखवलं. “चौथरा उघडा पडला की मी पोहायला शिकणार आहे. इथेच, कमरेइतक्या पाण्यात, दोर बांधून. स्वरदा आणि तिचे बाबा येणार आहेत. आबांना मी विचारलंय. आपल्या घरातल्या एकाला तरी पोहता येईपर्यंत बोट पाण्यात जाणार नाही. आणि पप्पा, मी एकटी नाही शिकणार. तुम्ही पण. दोघं एकदमच उतरू, चपला काढून.”